इतिहासाभ्यासास शालेय भूगोलाचा उपयोग

आमच्या शाळांतून इतिहास व भूगोल या विषयांचीं नांवें नेहमीं जोडीनें उच्चारलीं जातात. परंतु ही जोडी बहुधा वेळापत्रकापुरतीच असते. पुस्तकें निराळीं, तास निराळे, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकाही निराळ्या. इतिहासाच्या तासाला भिंतीवर नकाशा क्वचितच लागतो, आणि भूगोलाच्या तासाला तो लागला तरी त्यावरून कोणी सैन्य चालवून पाहत नाहीं. घाट, खिंड, खोरें, दुआब, संगम, उतार, पर्जन्यछाया यांच्या व्याख्या विद्यार्थी एका तासाला पाठ करितो. दुसऱ्या तासाला उंबरखिंडीची लढाई आणि दुआबांतून येणारी रसद यांविषयीं ऐकतो. पण पहिल्या तासाची खिंड व दुसऱ्या तासाची खिंड एकच, हें त्यास कोणी सांगत नाहीं. मराठी शालेय ग्रंथरचनेच्या आरंभकालीं ही फारकत इतकी दृढ नव्हती. बाळशास्त्री जांभेकर यांनीं इतिहास आणि भूगोल या दोन्ही विषयांवर मुलांसाठीं पुस्तकें लिहिलीं, तेव्हां त्यांत कोणास विशेष कांहीं वाटलें असेल असें दिसत नाहीं.

भूगोल शिकण्याचे उपयोग पुष्कळांनीं पुष्कळ सांगितले आहेत. शेती, व्यापार, दळणवळण, राज्यकारभार या सर्वांस तो विषय लागतो हें उघड आहे व त्याविषयीं येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. प्रस्तुत लेखाचा हेतु मर्यादित आहे. ऐतिहासिक साधन वाचण्याच्या व पारखण्याच्या कामीं शाळेंतील साध्या भूगोलाचें किती साहाय्य होतें, आणि तें ज्ञान वेळीं न मिळाल्यास पुढें संशोधकाची कशी फसगत होते, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे. जुनें पत्र लिहिणारा मनुष्य आपल्या कालांतील, आपल्याच मुलखांतील दुसऱ्या मनुष्यास लिहीत असे. नदी कोठें उतरतां येते, कोणता घाट बैलांस चालतो, आषाढांत कोणती वाट बंद होते, हें दोघांसही ठाऊक असल्यामुळें त्यानें तें लिहिलेंच नाहीं. कागदांत जें लिहिलेलें आहे तें मोडी येणारा कोणीही वाचूं शकेल. जें लिहिलेलें नाहीं तें वाचण्यास जमिनीची ओळख असावी लागते.

उदाहरणादाखल एक पत्र कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. वर्षाचा अंक फाटून गेलेला, महिना आषाढ, मुक्काम नुसता 'वडगांव'. लिहिणारा कळवितो कीं, नदीस पाणी फार आलें, नाव लागत नाहीं, यास्तव दोन दिवस खोळंबा झाला आहे. आणि लगेच पुढें म्हणतो कीं, महिनाभर पाऊस नाहीं, रानांत चारा राहिला नाहीं. नवशिक्या संशोधकास वडगांव म्हटलें कीं १७७९ सालच्या तहानें प्रसिद्ध झालेलें मावळांतील वडगांवच प्रथम आठवणार, व तेथेंच तो पत्राचा मुक्काम ठरवून मोकळा होईल. दुसरा एखादा अधिक चिकित्सक असला तर पुराची व अवर्षणाची गोष्ट एका कागदांत पाहून कागदच बनावट म्हणेल. दोघेही चुकले. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरीं वर्षाकाठीं साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस वाईपर्यंत सडकेनें उणेपुरे तीस-बत्तीस किलोमीटर उतरून आलें कीं तोच पाऊस एक हजाराच्याही आंत येतो. नैर्ऋत्येकडून येणारे वारे आपलें पाणी डोंगराच्या पश्चिम अंगावर व माथ्यावर टाकून पुढें कोरडे जातात, हा धडा शाळेंतील प्रत्येक मुलानें वाचलेला असतो. कृष्णा, नीरा, भीमा, घोड या नद्यांचे उगम त्या पावसाच्या पट्ट्यांत आहेत आणि त्यांचा पुढील प्रवास कोरड्या देशांतून आहे. म्हणून देशावर आभाळ निरभ्र असतां नदी दुथडी भरून वाहणें यांत विसंगति मुळींच नाहीं. मावळांत मात्र आषाढ महिनाभर पाऊस नाहीं, ही गोष्ट संभवनीय नव्हे. तेव्हां हें वडगांव पूर्वेकडील असलें पाहिजे. शिरूर तालुक्यांत भीमेच्या कांठीं वडगांव रासाई आहे, बारामतीकडे वडगांव निंबाळकर आहे, आणखीही असतील. निर्णय अद्याप झाला नाहीं हें खरें, पण कागद खोटा नाहीं एवढें ठरलें आणि शोध कोणत्या दिशेस करावयाचा हेंही ठरलें. इयत्ता सातवी-आठवीच्या भूगोलापलीकडचें कोणतेंही ज्ञान यास लागलें नाहीं.

स्थलाप्रमाणेंच अंतराचें. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला, आणि नानासाहेब पेशवे माळव्यांत भेलशाजवळ असतां २४ जानेवारीच्या सुमारास ती वार्ता एका सावकारी पत्रावरून त्यांस समजली. या दोन तारखा आम्हीं सर्वांनीं वाचल्या आहेत. परंतु पानिपत आणि भेलसें, म्हणजे आजची विदिशा, यांमध्यें सरळ रेषेनेंच सुमारें साडेसहाशें किलोमीटर अंतर आहे हें नकाशावर मोजून पाहिलें म्हणजे त्या तारखा निराळ्या दिसूं लागतात. प्रत्यक्ष वाट याहून लांबच असणार. दिवसाला पासष्ट किलोमीटरांहून अधिक, तेंही हिंवाळ्याच्या आंखूड दिवसांत, आणि मुलूख शत्रूच्या व लुटारूंच्या धाकाखालीं असतां! सावकारांच्या जासुदांची व्यवस्था केवढी चोख होती याचा हा पुरावा आहे. तो एकाही कागदांत शब्दांनीं लिहिलेला नाहीं. उलट, एखाद्या बखरींत अशीच दूरची वार्ता तिसऱ्या दिवशीं पुण्यास पोंचल्याचें लिहिलेलें आढळलें तर त्या वाक्यावर किती भार टाकावा हेंही याच मापानें ठरतें. कोसाचें प्रमाण प्रांतोप्रांतीं निरनिराळें होतें हें लक्षांत ठेवून कागदांतील कोस नकाशावर घालून पाहण्याची संवय ज्यास नाहीं, त्यानें मोहिमांचे मुक्काम ठरविण्याच्या भानगडींत न पडलेलें बरें.

आतां लढायांकडे वळूं. १६६१ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं शाएस्तेखानानें कारतलबखानास पुण्याहून कोंकणांत पाठविलें. बरोबर रायबागन होती. लोणावळ्याच्या बाजूनें कुरवंड्याकडून उतरून ही फौज उंबरखिंडींत सांपडली व शरण येऊन, सर्व सामान टाकून, परत गेली. परमानंदाच्या शिवभारतांत या प्रसंगाचें वर्णन विस्तारानें आहे. चौथीच्या वर्गांत शिवचरित्र शिकविण्याची आपल्याकडे अनेक वर्षांची वहिवाट आहे. परंतु ही लढाई सांगतांना शत्रू 'अडचणीच्या जागीं' सांपडला एवढेंच सांगितलें जातें. अडचण कशाची? दख्खनचें पठार पश्चिमेस हळूहळू उतरत नाहीं, तुटतें. लोणावळ्याची उंची समुद्रसपाटीपासून सहाशें मीटरांहून थोडी अधिक. तेथून थोडक्या किलोमीटरांत सुमारें पांचशें मीटर खालीं यावें लागतें. वाट इतकी अरुंद कीं हजारों माणसांची फौज असली तरी ती एका लांब दोरीसारखी होते, आणि तिच्या मधल्या भागास पुढचें व मागचें टोंक कोठें आहे याची वार्ताही लागत नाहीं. संख्याबळ तेथें केवळ ओझें ठरतें. त्यांत महिना फेब्रुवारीचा. सह्याद्रीच्या काळ्या खडकावर चार महिने अतोनात पाऊस पडला तरी तीव्र उतारामुळें तो वाहून जातो, आणि हिंवाळा सरतां सरतां ओढे आटूं लागतात. तहानेनें व्याकुळ झालेल्या सैन्याचें जें वर्णन काव्यांत आहे, तें कवीनें रंगविलेलें असेल. परंतु महिना व स्थल पाहतां तें निराधार म्हणतां येत नाहीं. ज्या विद्यार्थ्यानें घाटमाथा व तळकोंकण यांचा छेद एकदां कागदावर काढला आहे त्यास ही लढाई समजली. इतरांस ती केवळ ऐकूं आली.

याहूनही बोधक उदाहरण असईचें आहे. तें आमच्या पराभवाचें असल्यामुळें आम्ही त्याकडे पाहण्याचें टाळतों, हा आमचा दोष. मराठी फौजांचें वर्ष दसऱ्यास सुरू होई. पाऊस संपला, नद्या उतरल्या, पिकें आलीं, म्हणजे सीमोल्लंघन करावयाचें. या रिवाजाच्या मुळाशीं निव्वळ भूगोल आहे. घोड्यास चारा हवा आणि नदीस उतार हवा. आर्थर वेलस्लीनें हाच हिशेब उलटा मांडला. मराठ्यांचें बळ त्यांच्या चपल घोडदळांत. नद्या भरलेल्या असतां त्या घोडदळास वाटेल तेथें वाटेल तेव्हां जातां येणार नाहीं. परंतु आपण होड्या व टोपल्यांच्या नावा आधींच करवून ठेविल्या तर आपणांस नदी अडविणार नाहीं. यास्तव युद्ध पावसाळ्यांतच करावें, असें त्याचें मत होतें व तें त्याच्या पत्रव्यवहारांत नमूद आहे. त्याप्रमाणें ऑगस्ट १८०३ मध्यें अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, किल्ला घेऊन तो गोदावरीपार गेला. २३ सप्टेंबर रोजीं असईस लढाई झाली, तेव्हां दसरा अजून उजाडावयाचा होता.

लढाईच्या दिवसाची हकीकत तर शाळेंतील प्रत्येक भूगोलशिक्षकानें फळ्यावर काढून दाखवावी अशी आहे. आजच्या जालना जिल्ह्यांत केळणा व जुई या दोन नद्या कांहीं अंतर जवळजवळ समांतर वाहून एकमेकींस मिळतात. शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा केळणेच्या उत्तर कांठीं होत्या. नदीच्या दरडी उंच, समोरच्या उतारावर तोफा रोखलेल्या. वेलस्लीचा सहकारी स्टीव्हन्सन दुसऱ्या वाटेनें गेलेला. तो येऊन मिळेपर्यंत थांबावें तर शत्रू हातचा जाणार. वाटाड्यांस विचारलें, खालच्या अंगास नदीला उतार आहे काय? त्यांनीं नाहीं म्हणून सांगितलें. तेव्हां त्यास दूर दोन गांवें दिसलीं, एक अलीकडच्या कांठीं, दुसरें पलीकडच्या कांठीं, जवळजवळ समोरासमोर. एक पिंपळगांव, दुसऱ्याचें नांव इंग्रजी कागदांत 'वारूर' असें येतें. दोन गांवें नदीच्या दोन कांठांवर अशीं समोरासमोर वसलीं असतील तर त्यांमध्यें येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असें अनुमान त्यानें बांधलें, फौज तिकडे वळविली, उतार सांपडला. पुढें उतारवयांत ही गोष्ट त्यानें स्वतःच सांगितली आहे. नदी उतरल्यावर त्याची लहान फौज दोन नद्यांच्या बेचक्यांत आली आणि दोन्ही बगलांस पाणी असल्यामुळें मराठ्यांच्या प्रचंड घोडदळास तिला घेरण्यास जागा उरली नाहीं. शिंद्यांच्या पायदळ पलटणींनीं चपळाईनें तोंड फिरवून नवी फळी धरली आणि त्यांच्या तोफांनीं इंग्रजांची भयंकर हानि केली, हेंही सांगितलें पाहिजे. विजय स्वस्तांत मिळाला नाहीं. तथापि ज्या अनुमानावर तो उभा होता तें अनुमान युद्धशास्त्राचें नव्हतें. गांवें कोठें व कां वसतात, या मानवी भूगोलाच्या पहिल्या धड्यांतील तें होतें. नदी आमची, गांवें आमचीं, वाटाडे तिकडचेच. आणि ती अक्षरें वाचलीं समुद्रापलीकडून आलेल्या सेनापतीनें.

पानिपतविषयीं आमच्यांत इतकें लिहिलें गेलें आहे कीं आणखी लिहिण्यास संकोच वाटतो. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा १८९८ सालचा पहिलाच खंड त्या प्रकरणाच्या पत्रांचा. शेजवलकरांचा इंग्रजी ग्रंथ १९४६ सालचा. तरीही शाळेंतील मुलास जर विचारलें कीं, भाऊसाहेब व अब्दाली पावसाळाभर एकमेकांच्या इतक्या जवळ असतां लढले कां नाहींत, तर तो गोंधळतो. मध्यें यमुना होती व तिला पूर होता, हें उत्तर भूगोलाच्या पुस्तकांत आहे. ऑक्टोबर १७६० मध्यें भाऊसाहेबांनीं उत्तरेस जाऊन कुंजपुरा घेतला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून अलीकडे आला. पाणी पुरतें ओसरलें नव्हतें, त्याचीं कांहीं माणसें वाहूनही गेलीं. परंतु तो उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्यें येऊन बसला. त्या क्षणापासून नदी मराठ्यांचें संरक्षण करीनाशी झाली व दुआबाचें धान्य मात्र तिनें पलीकडेच ठेविलें. 'दोन नद्यांमधील सुपीक प्रदेशास दुआब म्हणतात' ही व्याख्या एका गुणासाठीं पाठ करणाऱ्या मुलास, त्या व्याख्येंतील 'सुपीक' या शब्दावर लाखभर माणसांचें पोट अडलें होतें, हें समजलें पाहिजे.

याच लढाईसंबंधीं आणखी एक गोष्ट. दुपारनंतर सूर्य मराठ्यांच्या डोळ्यांवर आला, असें परंपरेनें सांगतात. यांत तथ्य किती? पानिपतचें अक्षांश सुमारें २९ अंश २४ कला उत्तर. पुण्याचें सुमारें १८ अंश ३१ कला. १४ जानेवारीस सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस साडेएकवीस अंशांच्या आंतबाहेर असतो. बेरीज-वजाबाकी केली तर त्या दिवशीं भर मध्याह्नींसुद्धां पानिपतास सूर्य क्षितिजावर सुमारें ३९ अंशच चढतो. पुण्यास तो ५० अंशांवर असतो. ज्या फौजेचें तोंड दक्षिण-आग्नेयेकडे होतें तिला मध्याह्नाच्या सुमारास ऊन समोरूनच येणार, आणि दख्खनी डोळ्यांस तें नित्यापेक्षां खालून येणार. तेव्हां परंपरा असंभवनीय नाहीं. परंतु तिच्यावर पराभवाचा भार टाकणें हास्यास्पद होय. उपाशी माणसास व घोड्यास ऊन कोणत्याही बाजूनें लागलें तरी सारखेंच. भूगोल येथें साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो. त्याला न्यायाधीश करूं नये. जमिनीनेंच सर्व घडविलें, माणसानें कांहीं नाहीं, असें म्हणण्याची जी एक खोड कांहीं लेखकांस लागते ती इतिहासास तितकीच घातक आहे. जावळीचें खोरें अफझलखान येण्यापूर्वींही तेथेंच होतें. तोफा, उंट, हत्ती यांसह त्यास वाईहून त्या खोऱ्यांत उतरावयास लावणें, हें काम मात्र खोऱ्यानें केलें नाहीं.

दुसरी सावधगिरी अशी कीं, आजचा नकाशा म्हणजे तेव्हांचा नकाशा नव्हे. कोयनेच्या खोऱ्याचा फार मोठा भाग धरणामुळें शिवसागराखालीं गेला आहे. उजनीच्या जलाशयांत भीमाकांठचीं गांवें गेलीं, आणि पळसदेवचें जुनें देऊळ दुष्काळी उन्हाळ्यांत पाणी आटलें म्हणजे तेवढें दिसतें. सोपारें हें प्राचीन काळीं गजबजलेलें बंदर. आज तेथें उभें राहून येथें गलबतें लागत असत असें सांगितलें तर मुलें हंसतील, इतका गाळ खाडींत भरला. नाणेघाटांतून जुन्नरास जाणारी वाट सातवाहनांच्या काळीं इतकी महत्त्वाची होती कीं तेथें नागनिका राणीचा लेख कोरला गेला; आज त्या वाटेनें हौशी पदभ्रमण करणारेच जातात. आणि आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे, त्यावर नकाशा आहे. तो उपयोगी नाहीं असें कोण म्हणेल? पण लोणावळ्याहून कोंकणांत उतरण्याची वाट त्यास विचारली तर तो द्रुतगतिमार्ग दाखवितो, कारण तो मोटारीचा नकाशा आहे. बैलाची, घोड्याची, डोक्यावर ओझें घेतलेल्या माणसाची वाट त्यावरून काढावयाची तर समोच्चरेषा वाचतां आल्या पाहिजेत, आणि त्या वाचण्यास शाळेंतच शिकावें लागतें. मोठेपणीं दप्तरें चाळण्याच्या गर्दींत तें शिकणें होत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. मोडी तीन महिन्यांत येते. जमीन वाचण्याची दृष्टि इतक्या लवकर येत नाहीं.

यासाठीं नवीन पुस्तकें काढण्याची आवश्यकता आहे असें आम्हांस वाटत नाहीं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारांस एक या प्रमाणाचे नकाशे मिळूं शकतात. त्या प्रमाणावर जमिनीवरील एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर होतो, म्हणजे गांवाची पांदसुद्धां ओळखूं येते. शाळेनें आपल्या तालुक्याचा असा एक नकाशा घेऊन भिंतीस लावावा. मुलांनीं त्यावर जुने उतार, नावेच्या जागा, बाजाराचे गांव व वार, बुजलेल्या पायवाटा, धरणाखालीं गेलेलीं गांवें वृद्ध माणसांस विचारून पेन्सिलीनें नोंदवावीं, आणि एका सुट्टींत शिक्षकाबरोबर त्यांतील एक वाट प्रत्यक्ष चालून तिला किती वेळ लागला तें लिहून ठेवावें. पावसाळ्यांत तीच वाट पुन्हां पाहावी. राजवाडे यांनीं कागद मिळविण्यासाठीं गांवोगांव जी पायपीट केली तिचा अर्धा लाभ कागदांत होता आणि अर्धा पायांखालच्या जमिनींत, असें त्यांचें लेखन वाचतांना वारंवार वाटतें. नावाड्याचा धंदा पूल झाल्यानें संपला, ज्यांनीं नाव चालविली तीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. दप्तर कापडांत बांधून ठेवितां येतें, त्यांच्या स्मरणांतील उतार तसे ठेवितां येत नाहींत. हे नकाशे भरून झाल्यावर त्यांची एक प्रत जिल्ह्यांतील संशोधनसंस्थेकडे पाठविल्यास नुसत्या 'मुक्काम वडगांव'पाशीं अडलेलीं कित्येक पत्रें पुढें सरकतील.